पट्ट्याचा नर

पहिल्या सुरईचं झाकण उघडल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी सर्जेरावांनी मला हाक मारली.

"हेमा, इकडं ये. मला जे दिसतंय तेच तुला दिसतंय का, सांग."

मी हातातली झारी ठेवून पुढच्या बाकापाशी गेले. चाळीस कुंड्यांतली ती पहिली. पानाच्या टोकाला बोटभर लांबीची सुरई लोंबत होती आणि तिचा ओठ आता पुरता उलगडला होता. सुरईचं अंग पिवळं होतं. ओठावर तांबडे पट्टे होते, पट्टी धरून ओढावेत इतके सरळ.

"पट्टे दिसतायत," मी म्हणाले.

"कुठनं आले?"

"आजा-पणज्याचा एखादा गुण मधूनच वर येतो कधी कधी."

सर्जेराव माझ्याकडे बघत राहिले. "एका रोपात येईल," ते म्हणाले. "बाकीची उघडू देत. मग बघू."

ही घटपर्णीची झाडं. पानाच्या टोकाला सुरई येते, तिच्या तळाशी पाणी असतं, काठावर गोड चिकट रस. माशी रसासाठी येते, ओठावरून घसरते, आत बुडते आणि झाड तिला सावकाश पचवतं. कामावरची माणसं सुरईला चंबू म्हणत. पाचगणीच्या टेबललँडच्या अंगाला, धुकं पहिल्यांदा जिथे उतरतं तिथे, सर्जेराव राजपुऱ्यांची तीन पॉलिहाऊसं होती. दोनांत विकायला जरबेराची फुलं, आणि तिसऱ्यात ही झाडं. पहिल्या दोनांवर घर चालायचं आणि तिसऱ्यासाठी सर्जेराव जगायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको दहा वर्षांपूर्वी गेली होती. सोळा वर्षं त्यांना एकच गोष्ट हवी होती. ओठापासून बुडापर्यंत काळी सुरई. जांभळट नको, करवंदी नको. काळी.

मी कऱ्हाडची. शेतकीची पदवी घेऊन त्यांच्याकडे आले तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि हे घडलं तेव्हा सव्वीस. त्यांनी मला पहिल्या दिवशी बी पेरायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी उपटायला. चारशे रोपं वाढवायची, सुरया धरल्या की रंग बघायचा, सहा ठेवायची आणि उरलेली खड्ड्यात टाकायची. पहिल्या खेपेला माझा हात अडखळला. एक हिरवी सुरई फार देखणी होती. सर्जेरावांनी ती माझ्या हातातून घेतली, मुळासकट पिळली आणि म्हणाले, "दया आली की रंग गेला." पुढे पुढे मी त्यांच्यापेक्षा भरभर उपटू लागले. ते लोकांना सांगत, माझी नजर या पोरीत उतरलीय. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं, की तसं दुसरं काही तेव्हा माझ्याकडे नव्हतंच.

या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. फुलायचं तेव्हा फुलतात, एकमेकांसाठी थांबत नाहीत. म्हणून नर फुलला की त्याचा पराग कागदाच्या पुडीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मादी फुलण्याची वाट बघायची. सर्जेरावांकडे काळसर मादी होती आणि तसाच काळसर नर. तेरा वर्षांच्या निवडीतून आलेली ही जोडी. दोन्ही एकदाच हाताशी आली साडेतीन वर्षांपूर्वी. नेमके तेव्हा सर्जेराव पोटाच्या ऑपरेशनला पुण्यात होते. त्यांनी दवाखान्यातून फोन करून मला सांगितलं होतं, "पुडी फ्रिजमध्ये आहे. तूच लाव. दुसऱ्या कुणाचा हात नको." त्या बियांची ही चाळीस रोपं. लेबलवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, काळी मादी, काळा नर.

आठवड्याभरात एकतीस रोपांच्या सुरया उघडल्या. एकतीसही पिवळ्या, पट्ट्यांच्या.

त्या सोमवारी सर्जेराव चहाला आले नाहीत. मी पॉलिहाऊसमध्ये गेले तर ते मागच्या भिंतीकडे उभे होते. तिथे खालच्या फळीवर एक जुनं, दणकट झाड होतं. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेलं, कुणाला फारसं नको असलेलं. त्याच्या सुरईवर तसेच पट्टे होते. आम्ही त्याला पट्ट्याचा नर म्हणत असू.

"हा बाप आहे," सर्जेराव म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "पुडीतला पराग बदलला कुणीतरी. काळ्याचा काढून नेला आणि ह्याचा भरून ठेवला. भिकूला बोलव."

भिकू कासुर्डे तिथला सगळ्यात जुना माणूस. साठीच्या आसपासचा, काटक, कमी बोलणारा. पाणी त्याच्याकडे, धुक्यासारखा फवारा मारणारे फॉगर त्याच्याकडे, किल्ल्याही त्याच्याकडे. त्याचा थोरला मुलगा रंगनाथ वाईजवळच्या दुसऱ्या एका नर्सरीत कामाला होता. सर्जेरावांच्या डोक्यात गणित जुळायला एवढं पुरे होतं.

मी बोलवायला गेले. भिकू नळाशी पाय धूत होता. "काय झालं, बाई?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "मालक बोलावतायत." रस्त्यात आणखी काही सांगता आलं असतं. पन्नासेक पावलांचा रस्ता होता.

आत गेल्यावर सर्जेरावांनी दार लावून घेतलं.

"पुडी कुणाला दिली, भिकू?"

"कसली पुडी, मालक?"

"मी पुण्याला होतो तेव्हा. काळ्याचा पराग पोराला नेऊन दिलास ना?"

"न्हाय, मालक. म्या फ्रिजला हात लावत न्हाय. तुमास्नी ठावं हाय."

सर्जेरावांनी बाकाखाली पडलेला पाइप उचलला. फॉगरच्या लाइनचा तुकडा, लोखंडी, हातभर. पहिला फटका त्यांनी मांडीवर मारला. भिकू ओरडला नाही, नुसता वाकला. त्याचा हात आधाराला बाकावर गेला आणि दोन कुंड्या खाली पडल्या. कुंड्या पडलेल्या बघून सर्जेरावांचा चेहरा बदलला. मग त्यांनी मोजून मारणं सोडलं. पाठीत, खांद्यावर, कोपरावर. हाड वाजतं तेव्हा ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज होतो. तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मालक, बाईस्नी इचारा," भिकू म्हणाला. तो गुडघ्यावर होता. "बाईस्नी इचारा तुमी. त्यांनी लावलाय पराग. त्यांस्नी ठावं हाय समदं."

सर्जेराव थांबले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात संशय नव्हता. साक्षीदाराकडे बघतात तसं ते बघत होते.

"हेमा, तू काय लावलंस?"

"पुडीत होतं तेच लावलं," मी म्हणाले.

"बाई," भिकू म्हणाला. एवढंच.

"माझ्या पोरीवर घालतोस?" सर्जेराव म्हणाले, आणि त्यांनी पाइप आडवा फिरवला. तो भिकूच्या डाव्या कानावर बसला. भिकू कुशीवर पडला. त्याच्या कानातून रक्त आलं आणि खालच्या शेवाळात मुरलं. पडलेल्यालाही त्यांनी आणखी दोनदा मारलं. मी दाराशी उभी होते. कडी माझ्या हाताशी होती. ती मी काढली नाही. जरबेराच्या पॉलिहाऊसमधल्या दोघांनी आवाज ऐकून बाहेरून दार ढकललं आणि कडी उचकटून आत आले, तेव्हा मार थांबला.

भाजीच्या टेम्पोत घालून भिकूला वाईच्या दवाखान्यात नेलं. सर्जेरावांनी पाइप धुतला, हात धुतले आणि मला म्हणाले, "ही चाळीस उपटून टाक. एक ठेवू नकोस."

मी उपटायला बसले. एकेक रोप धरायचं, ओढायचं, पिळायचं आणि घमेल्यात टाकायचं. सुरया फुटत होत्या आणि आतलं पाणी माझ्या हातावर येत होतं, अर्धवट विरघळलेल्या मुंग्यामाश्यांचं. त्याला कुजका आंबूस वास येतो. बावीस उपटून झाली होती.

अडीचच्या सुमाराला रंगनाथ आला.

बरोबर त्याचे दोन मामेभाऊ होते आणि तिघांच्या हातात कोयते. उसाचे, लांब पात्याचे. रंगनाथला मी दोनतीनदा बघितलं होतं. बापाचा डबा घेऊन यायचा तेव्हा बाहेरच्या बाहेर जायचा. आज त्यानं दार उघडायची तसदी घेतली नाही. बाजूचा प्लास्टिकचा कागद वरून खालपर्यंत फाडून तो आत आला.

माझ्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. त्यानं पहिला कोयता घातला तो मधल्या बाकावर. तिथे तेरा वर्षांच्या निवडीतली झाडं होती. आजे, पणजे, सगळा वंश. एका फटक्यात चार चार कुंड्या जात होत्या. मामेभाऊ दुसऱ्या बाजूनं तोडत सुटले. सुरया हवेत उडत होत्या, पाणी अंगावर येत होतं, फॉगरची लाइन तुटून पाण्याची चिळकांडी छताला लागत होती. कुणी काही बोलत नव्हतं. शिव्यासुद्धा नाहीत. तिघं मुकाट्यानं, उसाच्या फडात उतरल्यासारखे तोडत होते.

सर्जेराव धावत आले. तोच पाइप त्यांच्या हातात होता. आधी त्यांनी झाडांकडे बघितलं, मग माणसांकडे. काळी मादी अजून उभी होती. ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"रंग्या, मागं हो."

"माझ्या बाचा कान फुटला," रंगनाथ म्हणाला. "कोपर मोडलं. डॉक्टर म्हनला, ऐकू येनार न्हाय."

"तुझ्या बानं चोरी केली."

"तुझ्यासाठी तीस वर्सं पानी घातलं त्यानं."

सर्जेरावांनी पाइप मारला. रंगनाथच्या खांद्याला लागला. रंगनाथनं कोयता फिरवला आणि तो सर्जेरावांच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर घुसला. पाइप पडला. सर्जेराव खाली बसले आणि मग मागे कलंडले, काळ्या मादीच्या कुंडीवर. रक्त फार होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं होतं. रंगनाथनं एक पाय त्यांच्या छातीवर ठेवला आणि कोयता वर उचलला. या वेळी तो झाडाकडे बघत नव्हता.

"पराग मी बदलला," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही असं वाटलं. म्हणून मी पुन्हा म्हणाले. "रंगनाथ, तुझ्या बाबांनी काही केलेलं नाही. पराग मी बदलला."

कोयता तसाच वर राहिला.

मग मी सगळं सांगितलं, भरभर, श्वास न घेता. सर्जेरावांचा फोन आला त्या दिवशी दुपारीच मी पुडी काढून टेबलावर ठेवली होती, मग उद्या लवकर लावू म्हटलं, आणि ती परत फ्रिजमध्ये ठेवायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर धुक्यानं कागद ओला झाला होता, पराग चिकटून गोळा झाला होता, वर पांढरी बुरशी. मादीची फुलं आणखी दोन दिवस टिकली असती. फुलं तशीच गेली असती तर सर्जेरावांना सांगावं लागलं असतं, की तुमची तेरा वर्षं मी टेबलावर विसरले. मागच्या फळीवर पट्ट्याचा नर फुललेला होता. मी ब्रशनं त्याचा पराग घेतला आणि लावला. भिकू तेव्हा शेजारी पाणी घालत होता. तो म्हणाला, "बाई, ह्यो तर पट्ट्याचा." मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं. पाणी घाला." त्यानं पाणी घातलं. साडेतीन वर्षांत त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

सगळं सांगून झालं तेव्हा फक्त तुटलेल्या लाइनमधल्या पाण्याचा आवाज येत होता.

रंगनाथनं सर्जेरावांच्या छातीवरचा पाय काढला. तो माझ्यासमोर आला. मी त्याच्या कोयत्याकडे बघत होते.

"सकाळी हितंच हुतीस तू?"

"हो."

"बा तुझं नाव घेत हुता तवा?"

"हो."

मला वाटलं, आता मारेल. पण त्यानं कोयता खाली सोडला. त्याच्या मागे सर्जेराव उठले होते. डाव्या हातातून रक्ताची धार लागलेली, आणि उजव्या हातात पाइप.

"तू?" ते मला म्हणाले.

मी हो म्हणाले की नाही, ते आठवत नाही. पाइप माझ्या गळ्याच्या हाडावर बसला. मी पडले. दुसरा फटका चुकवायला मी उजवा हात पुढे केला आणि बोटं फळीच्या लोखंडी कडेवर सापडली. तेच पाऊल, तोच हात, तीच धाप. सकाळी मी हे सगळं दारातून बघितलं होतं, आता खालून बघत होते. रंगनाथ तिथेच उभा होता. त्यानं अडवलं नाही. मी त्याला अडव म्हणालेही नाही. सर्जेरावांनी चौथा फटका उचलला आणि रक्त गेल्यामुळे ते स्वतःच माझ्या शेजारी कोसळले. आमच्या मध्ये उपटलेल्या रोपांचं घमेलं होतं.

"चला," रंगनाथ मामेभावांना म्हणाला. जाता जाता त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून सर्जेरावांच्या हाताला आवळून बांधला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्या टॉवेलानं माणूस वाचला.

केस झाल्या. दोन. पुढे रंगनाथला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि सर्जेरावांना एका वर्षाची. दोन्ही खटल्यांत मी साक्ष दिली. वकील म्हणाले, माझ्या साक्षीनं रंगनाथची शिक्षा कमी झाली. सर्जेराव सुटून आले तेव्हा तिसऱ्या पॉलिहाऊसचा सांगाडा उरला होता. त्यांनी तो विकला. मला ते पुन्हा कधी भेटले नाहीत. मी कऱ्हाडला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. याला बावीस वर्षं झाली. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. खडू मी डाव्या हातात धरते.

पण साक्ष देण्याआधी मी भिकूच्या घरी गेले होते. रंगनाथ तेव्हा कोठडीत होता आणि माझा हात प्लॅस्टरमध्ये. वाईच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. दुपारची वेळ होती, गल्लीत बायका धान्य निवडत बसल्या होत्या. भिकू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. कोपराला फळी बांधलेली. उठायला गेला की त्याचा तोल जायचा, म्हणून शेजारी काठी होती. त्याची बायको तान्हाबाई दारात आली. मला बघून आत गेली आणि तिनं पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला.

मी भिकूच्या शेजारी बसले. येताना एसटीत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती मी हळू आवाजात म्हणाले. गल्लीत बायका होत्या, म्हणून खूपच हळू.

"काय म्हनताय, बाई?" भिकू म्हणाला. "त्या कानानं ऐकू येत न्हाय."

मी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. पुन्हा म्हणाले.

"मोट्यानं बोला. ह्यो कान बी वाजतोय सारखा."

मी आवाज वाढवला. "माझी चूक होती. पराग मी बदलला होता."

"आं?"

त्याला खरंच ऐकू येत नव्हतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो समोर गल्लीकडे बघत होता. धान्य निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. समोरच्या घरातून एक म्हातारा बाहेर येऊन उभा राहिला. मी उभी राहिले.

"पराग मी बदलला होता," मी ओरडून म्हणाले. "भिकूमामांनी काही केलं नव्हतं. मालकांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले. मी खोटं बोलले म्हणून त्यांना मारलं. मी दारात उभी राहून बघत होते."

गल्लीत कुणी हललं नाही. तान्हाबाई दारात आली होती, पदर तोंडाशी धरून.

भिकूनं मान हलवली.

"हां," तो म्हणाला. "आता आलं ऐकू."

त्यानं तांब्या चांगल्या हातानं माझ्याकडे सरकवला. मी पाणी प्यायले. मी जायला निघाले तेव्हा त्यानं विचारलं, "कोर्टात सांगशीला हे?"

"सांगेन."

"मग ह्याच आवाजात सांगा," भिकू म्हणाला.